दुसरी केबल ओढून बघ

सुषमाताई गेल्याचं कळलं तेव्हा मी नातीच्या वेण्या घालत होते. एक झाली होती, दुसरीचे पेड हातात होते, आणि फोन वाजला. पलीकडे ताईची मुलगी मनीषा. "मावशी, आई गेली... पहाटे, झोपेतच." मी म्हणाले, "बरं." माणूस गेल्याचं ऐकून 'बरं' म्हणणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. नात त्या दिवशी एक घट्ट आणि एक विसविशीत वेणी घेऊन शाळेत गेली. ताईने तिला पाहिलं असतं तर गेटवरच थांबवलं असतं. दोनातली एक सैल झालेली तिच्या नजरेतून कधी सुटली नाही.

ताई माझी साहेब. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापडाच्या कारखान्यात ती संगणक विभागाची प्रमुख आणि मी तिच्या हाताखाली. विभाग म्हणजे आम्ही दोघी आणि एक काचेची गार खोली. बाहेर बॉयलरची धग, त्यामुळे काही ना काही निमित्त काढून लोक आमच्याकडे गारव्याला यायचे. ताई त्यांना हाकलायची, "उठा, बर्फाची वखार नाय ही." मूळ एडवणची, नोकरीपुरती बोईसरच्या क्वार्टरमध्ये राहणारी. कारखान्याच्या मोठ्या साहेबांशी अगदी पुस्तकी मराठी बोलायची, पण राग आला की थेट एडवणला पोचायची. मी पालघरची, चाळिशीकडे झुकलेली, आणि मुंबईत जाऊन नुकतंच एक प्रशिक्षण घेऊन आलेली. त्याचं ओळखपत्र मी हळदीकुंकवालाही गळ्यात घालून जात असे. बायकांना वाटायचं नवीन प्रकारचं मंगळसूत्र आहे. कुणी विचारलंच तर मी तिळगूळ हातात तसाच ठेवून सर्व्हर म्हणजे काय ते समजावून सांगे. नंतर नंतर कुणी विचारेनासं झालं.

तर हा सर्व्हर. सगळ्या कारखान्याची माहिती पोटात घेऊन बसलेला मोठा संगणक, आणि त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध एका केबलवर. ती केबल ज्या कार्डात खोचलेली असे ते कार्ड रुसलं की गेटवर मालाची पावती निघत नसे. पावती नाही म्हणजे ट्रक नाही. बघता बघता रांग कुंभवलीच्या दिशेने वाढत जाई आणि ड्रायव्हर खिडकीशी येऊन विचारत, "मॅडम, अपना कागज आज मिलेगा या इधरीच घर बसा लूँ?" आणि ताई रजेवर असली की असं हमखास व्हायचं. मग कंपनीची जीप एडवणला. ताईला कधी बारशातून उचलून आणलं, कधी गणपतीच्या आरतीतून. एकदा ती न्हाऊन बसलेली होती, ती ओल्या केसांनी आणि टॉवेलसकट आली. आता तुम्ही विचाराल, मी कारखान्यातच होते ना? होते की. पण साहेबांचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्यांची माणसांची पारख चांगली होती.

मनीषाचं लग्न ठरलं तेव्हा ताईने काचेचा दरवाजा लावून घेतला. एरवी ती दार उघडं ठेवूनच ओरडायची, त्यामुळे मी जरा घाबरले. ती हळू आवाजात म्हणाली, "कुंदे, मला माझ्या पोरीची पाठवणी करायची हाय. ती रडत असताना मी जीपमधे बसून बोईसरला येणार नाय. काय करायचं ते कर."

त्याच सुमारास नवा सर्व्हर आला होता, त्यात नेटवर्कची दोन कार्डं होती. दोघांना जोडीने काम करायला शिकवायचं, बाहेर मात्र नाव आणि पत्ता एकच. एक कार्ड कामाला, दुसरं राखीव. पहिलं पडलं की दुसऱ्याने निमूट भार उचलायचा, कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. मुंबईत मी नेमकं हेच शिकून आले होते. एक अख्खी दुपार स्क्रीनसमोर बसून मी ती जोडी जुळवली. निळी केबल एका कार्डाला, पिवळी दुसऱ्याला. मग साहेबांना बोलावलं, गोदामातल्या लोकांना बोलावलं, आणि सगळ्यांसमोर निळी केबल उपटली. पावत्या निघतच राहिल्या! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी पेढे आधीच आणून ठेवले होते, इतका माझा आत्मविश्वास. ताईने पेढा हातात घेतला, तोंडात नाही घातला. म्हणाली, "छान. आता तो स्विच बंद कर."

स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात ती चपटी पेटी. मी बंद केली आणि कारखाना मुका झाला. कारण माझ्या निळ्या आणि पिवळ्या, दोन्ही केबली त्याच एका पेटीत खोचलेल्या होत्या, शेजारी शेजारी, गुण्यागोविंदाने. पेटी गेली की दोन्ही गेल्या. बाहेर हॉर्न सुरू झाले. साहेब पेढा चघळायचे थांबले. ताई म्हणाली, "कुंदे, दोन बैल आणलेस आणि एकाच खुंटीला बांधलेस. खुंटी उपटली की दोघं वाऱ्यावर." मग पेढा खाल्ला आणि म्हणाली, "पेढा चांगला हाय."

मग पिवळी केबल भिंतींतून आणि छतावरून फिरवत पार स्टोअरच्या खोलीत नेली, तिथे दुसरी पेटी बसवली, तिला वीजही वेगळ्या लाइनवरून दिली. गेट आणि गोदामालाही दोन्हीकडून वाट करून दिली. आणि तेव्हापासून ताईचा तो प्रसिद्ध नेम सुरू झाला. दर सोमवारी, चहाच्या आधी, भर कामाच्या वेळी, ती कुणालाही न सांगता एक केबल उपटायची. एका सोमवारी निळी, पुढच्या सोमवारी पिवळी. साहेब हात जोडायचे, "बाई, चालतंय ना, कशाला हात लावता?" ती म्हणायची, "राखीव म्हणून ठेवलेलं चालतं की नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्याला कधी कामाला लावलंय?" मी तेव्हा मागे उभी राहून डोळे मिटून घ्यायचे आणि पालघरच्या गणपतीला नारळ बोलायचे. बोललेले सगळे नारळ फोडले असते तर गावाला आठवडाभर सोलकढी पुरली असती.

लग्नाच्या दिवशी मी कारखान्यात थांबले. पैठणी नेसून. काचेच्या खोलीत पैठणी नेसून बसलेली बाई बघायला त्या दिवशी गारव्यापेक्षा जास्त गर्दी झाली. आणि भर दुपारी आमच्या खोलीतल्या स्विचने मान टाकली. त्याचे दिवे विझले. मी गणपतीला आणखी एक नारळ बोलले. मग खिडकीतून गेटकडे पाहिलं... ट्रक चालले होते. एक गेला, त्याच्यामागे दुसरा गेला. ड्रायव्हर पावती दातात धरून गिअर टाकत होता. कुणालाच काही कळलं नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नाही. शेवटचा ट्रक गेल्यावर साहेबांकडे एडवणला जायला गाडी मागितली, आणि त्यांनी दिली ती नेमकी तीच जीप.

ती जीप बघून तिथे काय वाटेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. मांडवापाशी पाठवणी सुरू होती, मनीषा आईच्या गळ्यात पडून रडत होती, आणि वाडीच्या वाटेने कंपनीची जीप धूळ उडवत आत शिरली. ताईचा चेहरा मी आजही विसरले नाही. तिने लेकीला आणखी घट्ट धरलं. तिचा नवरा, भालूभाऊजी, मांडवाचा बांबू घेऊन जीपच्या आडवा उभा राहिला, "आज नाय नेऊ देणार! साहेबाला सांगा, बाय मेली म्हणून!" आणि जीपमधून पैठणीतली मी उतरले. "भाऊजी, जेवायला आलेय. संपलं का?"

ताई रडता रडता इतकी हसली की मुलाकडची मंडळी चपापली. मनीषाची गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती हात हलवत उभी राहिली. शेवटपर्यंत. मग पदराने तोंड पुसून मला म्हणाली, "काय गेलं?" मी म्हटलं, "आपला स्विच. कुणाला कळलंसुद्धा नाही!" मला वाटलं, शाबासकी मिळणार. ती म्हणाली, "कळलं नाय, तेच वाईट. आता सगळं एकावर चाललंय. उद्या पहिलं ते काम." आणि माझ्या पानात आणखी एक लाडू वाढला.

पुढे ती निवृत्त झाली. तेव्हाच खोलीची दुरुस्ती निघाली आणि जुन्या केबली भंगारात निघाल्या. ताईने निळी आणि पिवळी गुंडाळून पिशवीत घातली. मी हसले. एडवणला गेले तेव्हा बघते तर दोन्ही अंगणात, कपडे वाळत घालायला. निळी पडवीच्या खांबापासून माडापर्यंत, पिवळी विहिरीच्या रहाटापासून चिकूपर्यंत. मी म्हटलं, "जवळजवळ बांधायच्या ना, सोयीचं पडलं असतं." मग मलाच ते दोन बैल आणि ती एक खुंटी आठवली.

शेवटची भेट त्याच अंगणात झाली. ती खुर्चीत, पाय सुजलेले. एक मूत्रपिंड निकामी झालं होतं, दुसऱ्यावर चाललं होतं, आणि आता हृदयही थकलं होतं. मी आपली जगाच्या रीतीप्रमाणे म्हणाले, "एकावरही माणसं वर्षानुवर्षं जगतात, ताई." ती म्हणाली, "कुंदे, देवाने मूत्रपिंडं दोन दिली, फुप्फुसं दोन दिली, आणि सगळी एकाच काळजाला जोडली. नवशिका होता तो. तुझ्यासारखा." आम्ही दोघी खूप हसलो. भाऊजी आतून ओरडले, "हसू नका गो, तिला धाप लागते!" ती धापा टाकत हसली... निघताना तिने माझा हात धरला आणि भाऊजींकडे मान वळवली.

दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा एडवणला गेले. भाऊजी स्वतःचे कपडे स्वतः धुतात आता. निळ्या केबलवर दोन सदरे, एक पंचा. पिवळी रिकामी. मी म्हटलं, "भाऊजी, ही वापरत नाही?" ते म्हणाले, "एकट्याला किती कपडे लागतात, कुंदाबाय? एक पुरते." मी सवयीने पिवळी ओढून बघितली. चिकूकडची गाठ केव्हाची सुटत आलेली होती, त्या बाजूने केबल माझ्या हातात आली. भाऊजी तिच्याकडे बघत उभे राहिले. "ती गेल्यापासून कोण बघतंय..." एवढंच म्हणाले आणि पडवीच्या पायरीवर बसले. लग्नाच्या मांडवात बांबू घेऊन जीप अडवणारा माणूस लेकीच्या पाठवणीला रडला नव्हता. तो त्या दिवशी रडला.

मग आम्ही दोघांनी मिळून गाठ मारली. मी मारलेली त्यांनी सोडून परत मारली, ते वेगळं. निघताना मी म्हटलं, दर सोमवारी दोन्ही ओढून बघायच्या, मी फोन करून विचारीन. त्यांनी मान हलवली. म्हाताऱ्या माणसाचं मन राखायला हलवतात तशी, आणि त्यात म्हातारी मी होते.

दोन सोमवार मीच केला फोन. या सोमवारी नातीच्या वेण्या घालत होते, दुसरीचे पेड हातात होते, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आधी समुद्राचा वारा, मग भाऊजींचा आवाज, जरासा ओरडूनच, कारण फोनवर ओरडायचं असतं असं त्यांना अजून वाटतं.

"कुंदाबाय, ओढल्या. दोन्ही हायत."