आडाच्या पाण्याचं वरण

सरजाबाईचा नवरा वारला त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. गल्लीनं एका गोष्टीचं दुःख केलं, दुसरीचा आनंद. सरजाबाईला यातलं नेमकं काय वाटलं, ते कुणी विचारलं नाही. नवरा होता तोवर तिनं शेजारणीशी बोललेलंही त्याला खपत नसे, आणि खपलं नाही की त्याचा हात चाले.

मागोमाग दुष्काळ आला आणि सरजाबाईला शेजारणी मिळाल्या.

ही डाळ मिलच्या मागची गल्ली. पुरुष मिलमध्ये हमाल. पाणी गावाबाहेरच्या आडाला, तेही पाझरून साचेल तेवढंच. बायका हंडे रांगेला लावून लिंबाखाली बसत. पाणी भरणं पुरुषाचं काम नव्हे यावर गल्लीचं एकमत होतं, त्यामुळं तिथं मोकळं बोलता येई. कुणाचा नवरा पिऊन मारतो आणि कुणाचा शुद्धीत, हे तिथंच कळलं. मग सरजाबाईनं एक रीत घातली. संध्याकाळी जिचा हंडा रांगेत दिसणार नाही, तिच्या ओट्यावर सगळ्यांनी जाऊन बसायचं. भांडायचं नाही. ती बाहेर येईपर्यंत उठायचं नाही.

नागुबाईच्या ओट्यावर दोनदा बसावं लागलं. त्यानंतर तिचा नवरा माणिकप्पा जरा बिचकून होता.

आणि नव्या जिल्ह्याच्या कृपेनं घरोघर नळ आले. नारळ फुटला. माणिकप्पानं पेढे वाटले.

"आता बाईला उंबरा वलांडायचं कामच न्हाई!"

नागुबाई आडावर शेवटची खेप म्हणून आली. "मावशे, आता माझं तुमाला कसं कळायचं?"

सरजाबाई दोर गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला वरण कसं लागतं?"

"गरगरीत. कणी दिसली की ताट भिरकावतो."

"मंग उद्या समद्याच घरी कणी दिसू दे. एकट्या तुझ्याच ताटात नगं."

दुसऱ्या दिवशी लेकरांपुरती डाळ मऊ शिजवून झाली आणि बाकीची प्रत्येक चुलीवरून अर्धकच्ची उतरली. माणिकप्पानं ताट ढकललं, हात उगारला. तेवढ्यात भिंतीपलीकडून वीरभद्र ओरडला, "खडे शिजवलीस काय गं?" त्याच्याही पलीकडून तसाच आवाज आला. उगारलेल्या हाताचं काय करावं, माणिकप्पाला कळेना. त्यानं त्याच हातानं डोकं खाजवलं.

जन्मभर डाळीची पोती वाहिलेली माणसं. मिलमध्ये त्यांनी निकाल लावायला वेळ घेतला नाही. नळाचं पाणी जड आहे, त्यात डाळ शिजत नाही. नळाचं धुण्याला, वरणाला आडाचंच. संध्याकाळी माणिकप्पानंच नागुबाईच्या हाती हंडा दिला.

नळाचं पाणी तसं गोड होतं. लेकरं तेच पीत.

पुढं एका संध्याकाळी रांगेत नागुबाईचा हंडा दिसला नाही. बायका जाऊन ओट्यावर बसल्या. माणिकप्पा दारात आला.

"दादा," सरजाबाई म्हणाली, "आज वरणाला पाणी नगं का?"

तो घुटमळला. शेजारचे पुरुष बघत होते. "अगं, जा की!" तो आत पाहून खेकसला. "बाया खोळंबल्यात."

नागुबाई बाहेर आली. गाल सुजला होता. हंडा रिकामाच होता, तरी सरजाबाईनं तो तिच्या हातातून घेऊन आपल्या कमरेवर ठेवला. सगळ्या तिला मधे घेऊन चालू लागल्या.

मागं माणिकप्पा वीरभद्राला सांगत होता, "नळाचं पाणी लई खराब. म्या पयल्या घासालाच वळखलं."