मामांची फ्रेंच फौज

नेपोलियननंतर फ्रेंच फौजेला मनासारखा सेनापती मिळाला तो थेट आमच्या हिच्या मामांच्या रूपानं, आणि तोही बहारीनमध्ये, असं माझं ठाम मत आहे. इतिहासकारांना ते मान्य होणार नाही. पण त्यांच्यातला एकही त्या शुक्रवारी झल्लाकच्या किनाऱ्यावरच्या वाळूत हजर नव्हता. मी होतो. मेलेला होतो, पण होतो.

मामा मनामातल्या एका कंपनीत अकाउंट्स बघत. काटकुळा देह, जाड चष्मा आणि आवाज मात्र दोन मजले ऐकू जाईल असा. नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्यांनी एका क्लबच्या हिरवळीवर इंग्रज मंडळींना कवायत करताना पाहिलं. आठवडाभर एअरकंडिशनर आणि विमे विकणारी ही माणसं सुटीच्या दिवशी लाल लोकरी डगले चढवून नेपोलियनच्या काळातल्या आपल्या एका पलटणीच्या लढाया पुन्हा लढत. मामा घरी आले ते पार खुळावूनच. त्या दिवसापासून ते लिफ्टमध्येसुद्धा सावधान उभे राहू लागले. मामी म्हणायच्या, "यांना कोथिंबीर आणायला पाठवलं तर वळताना टाच आपटतात. दुकानदार घाबरून कोथिंबीर फुकट देतो." आमच्याकडे सत्यनारायण झाला तेव्हा जेवणाच्या गर्दीला शिस्त लावायचं मामांनी अंगावर घेतलं. दोन रांगा केल्या. पुढच्या रांगेनं एक गुडघा टेकून ताट धरायचं आणि मागच्या रांगेनं तिच्या डोक्यावरून वाढून घ्यायचं. माझ्या टाळूवर आमटी सांडली, तेव्हा मामांनी माझी पाठ थोपटली. "रांग मोडली नाहीत, जावईबापू. शाबास."

मराठी मंडळात अर्थातच कुरबुर झाली. पेशवाई बुडवणाऱ्यांच्या डगल्याचं एवढं कौतुक कशाला, असं एकानं चिडून विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, "तो डगला घालून लढलेले कितीतरी जण आपल्या कोकणातले होते. त्यांना विचारून या." खरं सांगायचं तर मामांना पेशवाईचंही काही नव्हतं आणि इंग्रजांचंही. त्यांना तो लाल डगला घालून त्या रांगेत उभं राहायचं होतं, बस. पहिलं प्रेम जडावं तसं ते जडलं होतं.

त्या पलटणीचा कप्तान मोठा सज्जन माणूस. त्यानं मामांना चहा पाजला आणि अवघडून सांगितलं, की आमची पलटण स्पेनमध्ये लढली, तिच्यात हिंदी शिपाई नव्हते, तेव्हा अस्सलपणाचा प्रश्न येतो. मात्र फ्रेंच व्हायला कोणीच इंग्रज तयार नसतो, तिकडे जागा आहे.

"फ्रेंचांत होते का हिंदी शिपाई?" मामांनी विचारलं.

कप्तानानं प्रामाणिकपणे विचार केला. "फ्रेंचांच्या बाबतीत आम्ही इतकं बघत नाही," तो म्हणाला. मग त्यानं शब्द दिला: मामांनी चांगला शत्रू जमवावा, झल्लाकला होणाऱ्या लढाईच्या प्रयोगात रीतसर हरावं, पुढच्या हिवाळ्यात लाल डगला त्यांचा.

मामांनी अख्खं मंडळ फ्रेंच केलं. कुरबुर करणारा पहिल्या रांगेत आला. गोदीतल्या वर्कशॉपचे फोरमन, रत्नागिरीचे हनीफभाई, यांनी निळे बॉयलर सूट मिळवून दिले; त्यावर पांढरे पट्टे आडवे बांधले की झाला फ्रेंच. मंडळाचा गणपतीतला ढोल हनीफभाईंच्याच गळ्यात आला. गच्चीवर रोज संध्याकाळी मामा आम्हाला मरायला शिकवत. बंदुका दोन्हीकडे लाकडी, त्यामुळे बार कळायला इंग्रजांचा ढोलकरी ड्रमवर ठोका देणार होता. पहिल्या ठोक्याला पुढच्या रांगेनं मरायचं, तिसऱ्या ठोक्याला उरलेल्यांनी पळायचं. इतकं सोपं होतं.

प्रयोगाच्या दिवशी आमच्या बायका-मुलं चटया टाकून, चिवड्याचे डबे उघडून बसली होती. समोर लाल रांग भिंतीसारखी उभी. हनीफभाईंनी ढोल सुरू केला. पण आपली माणसं बघताहेत म्हटल्यावर त्यांच्या हाताला साधी चाल कुठली धरवायला? विसर्जनाचा ठेका लागला. इंग्रजांच्या ड्रमचा ठोका पडला असेल, दोन पडले असतील, तीनही पडले असतील. आम्हाला ओ की ठो ऐकू आलं नाही. मी तेवढा उन्हाला कंटाळून आपणहून मेलो. बाकीचे मात्र ठेक्यावर पाय टाकत पुढेच निघाले.

"मरा रे," मामा ओरडत होते. "पुढची रांग, मरा. माझ्यासाठी मरा." मी मामांना इतकं काकुळतीला आलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा डगला डोळ्यांदेखत हातचा निसटत होता. चटयांवरून टाळ्या आणि शिट्ट्या सुरू झाल्या, फौजेनं वेग घेतला, आणि काय करावं ते न कळून लाल रांग आधी मागे सरकली, मग फुटली, मग चक्क समुद्राकडे पळाली. हनीफभाईंनी कपाळाचा घाम पुसला. "मामा, ठोका ऐकायलाच नाय आला. आता यल्ला, चला, पुढं काय ते सांगा."

फौजेनं मामांना खांद्यावर घेतलं. कप्तान आला. त्यानं आपली तलवार मामांच्या हातात दिली आणि अंगातला लाल डगला काढून त्यांच्या खांद्यांवर घातला. असला शत्रू आपण पाहिला नाही, म्हणाला. पुढच्या हिवाळ्यापासून आमच्या रांगेत या.

मामांनी डगल्याची बाही एकदा चाचपली. मग मागे पाहिलं. चाळीसेक घामेजलेले फ्रेंच आपले सेनापती काय म्हणतात म्हणून वाट बघत होते. मामांनी डगला उतरवला, नीट घडी घालून कप्तानाला परत दिला. "माझी माणसं इकडे आहेत," ते म्हणाले. त्यावर जो जल्लोष झाला तो पार बुदैया गावापर्यंत गेला असावा. मला त्या क्षणी या माणसाचा विलक्षण अभिमान वाटला.

परतताना मामा गाडीत माझ्या शेजारी बसले होते. मनामाचे दिवे दिसू लागले तेव्हा खिडकीबाहेर बघत त्यांनी हळूच विचारलं, "जावईबापू, तुम्ही समोरच पडला होतात. नीट दिसलं असेल तुम्हाला. लाल मला शोभत होता का?"

"फार शोभत होता, मामा," मी म्हणालो. आणि ते अगदी खरं होतं.