फक्त डावीकडे वळणारी गाडी

“थांबा हं मिस्त्री, ह्यांना विचारते.”

गाडीत काय बिघडलंय, दुरुस्तीला किती दिवस लागतील, मी काहीही सांगितलं की बाईंचं हे उत्तर ठरलेलं. मग त्या दुकानाच्या पायरीवरून खाली उतरायच्या, रस्त्याकडेला लावलेल्या गाडीच्या डाव्या खिडकीत वाकायच्या आणि आत बसलेल्या नवऱ्याला सगळं समजावून सांगायच्या. डायनामो, बॅटरी, वायर, एकही शब्द गाळायच्या नाहीत. परत येऊन म्हणायच्या, “हे म्हणतात, चला.”

आता गंमत अशी, की ते बिचारे दुसरं काही म्हणणारच नव्हते. साहेबांना अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि जिभेवर ‘चला’ हा एवढाच शब्द शिल्लक राहिला. भूक लागली तरी चला, पाठ दुखली तरी चला. मी एकदा न राहवून म्हटलं, “बाई, ते नेहमी चलाच म्हणतात हो.” बाईंना राग नाही आला. म्हणाल्या, “पण दर वेळी वेगळं म्हणतात.” मी पाना उचलला आणि कामाला लागलो.

माझं दुकान ठाकूरद्वारच्या बाजूला, बॅटरी चार्जिंगचं आणि मोटारीच्या वायरिंगचं. राहायला मी लालबागला. बाई गिरगावातल्या जुन्या प्रभू घराण्यातल्या. स्वतःचं दुमजली घर आणि खाली रस्त्याला लागून मोटारीची खोली. मोटार लढाईच्या आधीची, विलायती. साहेब अंथरुणाला खिळल्यावर घरच्यांना वाटलं, आता ती विकून टाकतील. बाईंनी काय करावं? पन्नाशीच्या आसपास, अंबाडा घातलेली बाई, एका पारशी म्हाताऱ्याकडून गाडी चालवायला शिकली. का, तर साहेबांना संध्याकाळी बाहेर नेलं नाही तर ते जेवत नसत. टॅक्सीत बसवलं तर रडायचे. व्हिक्टोरिया घोडागाडीची पायरी उंच, तिथे चढवता यायचं नाही. स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या डाव्या खिडकीशी बसले की त्यांचा जीव शांत व्हायचा. चौपाटीचा एक फेरा झाला की घरी येऊन दोन घास खायचे. बाईंचा सगळा संसार त्या दोन घासांवर चालला होता म्हणा ना.

आणि गाडी म्हणाल तर साक्षात संकट. आतल्या वायरी कापडात गुंडाळलेल्या रबराच्या, त्या रबराचा पापड झालेला. हात लावला की चुरा. ब्रेक दाबला की दिवे मिणमिणायचे. कुणा शहाण्या मिस्त्रीने पूर्वी कधीतरी इंजिनसकट सगळी वीज एकाच फ्यूजवर घेतली होती. म्हणजे हॉर्नपायी फ्यूज उडाला की गाडी बंद. आणि हॉर्न तर बिघडलेलाच होता. स्टिअरिंगच्या नळीतली वायर घासून उघडी पडली होती, उजवीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा.

यावर बाईंनी काढलेला उपाय ऐका. त्यांनी उजवीकडे वळणंच सोडलं! गिरगावात राहिला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. समोर दिसणाऱ्या ठिकाणी जायला ही गाडी तीन गल्ल्यांना वळसा घालून डावीकडून डावीकडे जायची. परळला एका वैद्यांकडे साहेबांना मालिशसाठी न्यायच्या, तेव्हा तर अर्धी मुंबई हिंडून पोचत असतील. मी म्हटलं, हॉर्नची वायरच तोडून टाकतो, कटकट नको. तर म्हणाल्या, “नको. घरात शिरताना उजवीकडे वळावं लागतं ना, तेव्हा हॉर्न वाजला की हे हसतात.” मी एकदा मुद्दाम पाहिलं. खरंच हसायचे. अर्ध्याच तोंडाने, पण चांगलं पोट हलेपर्यंत. मग मी त्या वायरीवर नुसती पट्टी गुंडाळायचो आणि ती महिन्याभरात पुन्हा झिजायची.

मी बाईंना किती वेळा सांगितलं असेल. सगळं वायरिंग नवं घालू द्या, गाडी तीन आठवडे माझ्याकडे ठेवा. पालथ्या घड्यावर पाणी. तीन आठवडे ह्यांनी काय करायचं, हा त्यांचा प्रश्न. आणि माझा प्रश्न असा, की आत बसलेल्या माणसाला स्वतःहून दार उघडून उतरता येत नाही, उद्या गाडीने पेट घेतला तर काय करायचं? दोघांचेही प्रश्न खरे होते. पण गाडी त्यांची होती.

एकदा बॉनेट उघडून फ्यूज पाहायला गेलो आणि कपाळाला हात लावला. फ्यूजच्या जागी केसातला आकडा! झालं होतं असं, की ऑपेरा हाउसजवळ फ्यूज उडाला, गाडी बंद पडली, मागे ट्राम घंटा वाजवतेय, साहेब घाबरून रडायला लागलेले. बाईंनी अंबाड्यातला आकडा काढून तिथे अडकवला आणि गाडी हाणली घरी. मला हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानच होता. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, फ्यूज स्वतः जळतो म्हणून गाडी जळत नाही. हा आकडा जळणार नाही बाई, मग गाडी जळेल. त्यांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मी फ्यूजची जादा तार त्यांना दिली. ती त्यांनी पदराच्या गाठीत बांधली.

पुढे आंदोलन सुरू झालं आणि एक हरताळाचा दिवस आला. दुकान बंद, मी लालबागला घरीच होतो. बाईंना वाटलं, सकाळी लवकर परळला जाऊन मोर्चा निघायच्या आत परत येऊ. पण वैद्यांकडे उशीर झाला. त्यात येताना फ्यूज दोनदा उडाला, गाठीतली तार संपली. तिसऱ्यांदा उडाल्यावर त्यांचा हात पुन्हा अंबाड्याकडे गेला. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, काही न लपवता.

मी चहा घेत बसलो होतो. बाहेर घोषणा चालल्या होत्या, आणि त्यातून एकाएकी तो हॉर्न ऐकू आला. मी तो हजार हॉर्नमधून ओळखला असता. वाजायला लागला तो थांबेचना. तसाच उठून धावलो. समोरून मोर्चा येताना पाहून बाई गाडी उजवीकडच्या गल्लीत घालायला गेल्या होत्या आणि वायर चिकटून बसली होती. लोकांना वाटलं, हरताळाच्या दिवशी कुणी बडे लोक गाडी काढून वर हॉर्न मारताहेत. चिडून त्यांनी गाडीला वेढा घातला. दोघाचौघांनी टपावर थापा मारल्या. मी गर्दीतून वाट काढतोय तोवर डॅशबोर्डखालून धूर यायला लागला.

बाई स्वतः उतरल्याच नाहीत. साहेबांना दोन्ही हातांनी बाहेर लोटत होत्या आणि ओरडत होत्या, “ह्यांना चालता येत नाही, ह्यांना काढा.”

टपावर थापा मारणारे ते हातच पुढे झाले. तिघे गिरणीतले बदली कामगार होते. त्यांनी दार ओढून काढलं, साहेबांना खांद्यावर घेतलं आणि चाळीच्या व्हरांड्यात नेऊन निजवलं. एकाने परत येऊन बाईंना ओढून काढलं. मी आणि चाळकऱ्यांनी वाळू टाकली, पण तोवर सीटच्या काथ्याने पेट घेतला होता. गाडी डोळ्यांसमोर जळून गेली.

मग पोलीस आले. त्यांना दिसलं काय? मोर्चा, जळणारी मोटार आणि काळे हात झालेले तिघे जण. आणखी काय पाहिजे? घातलं तिघांना पोलिसांच्या गाडीत. बाई तेव्हा व्हरांड्यात साहेबांच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होत्या. त्यांना हे कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या दिरांनी मला घरी बोलावलं. दीर सॉलिसिटर. सभ्य माणूस, उगाच वाईट म्हणणार नाही. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वहिनींनी जबानी द्यायची की जमावाने गाडी पेटवली, आणि मी सांगायचं की वायरिंग ठीक होतं. दंगलीत जळालेल्या गाडीची भरपाई मिळते. महिन्याभरात दुसरी गाडी दारात उभी राहील, दादांचं फिरणं चालू राहील. नाहीतर ही गाडी गेली ती गेली, दुसरी घेण्याची आता घराची ऐपत नाही. तेव्हा मी पाहिलं, भिंतीवरची घड्याळं गेली होती, नुसते खिळे होते.

“आणि ते तिघे?” बाईंनी विचारलं.

“हजारो पकडलेत वहिनी. सुटतील आज ना उद्या.”

खोटं कशाला बोलू, मला वाटलं, त्या हो म्हणतील. साहेबांनी आदल्या रात्रीपासून अन्नाला शिवलं नव्हतं हे मला आल्याआल्याच कळलं होतं. नवऱ्याच्या जिवापुढे अनोळखी तिघांचं काय? मी त्यांच्या जागी असतो तर हो म्हणालो असतो.

“थांबा, ह्यांना विचारते,” असं म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या.

दार उघडं होतं. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. त्यांनी साहेबांना पहिल्यापासून सांगितलं. आकडा मीच घातला, मिस्त्रींनी बजावलं होतं तरी घातला. तुम्हाला बाहेर काढणारे ते तिघे आत आहेत. खरं सांगितलं तर तुमचं फिरणं बंद होईल, कायमचं बंद होईल. सांगू का खरं?

साहेब म्हणाले, “चला.”

बाई बाहेर आल्या, चपला घातल्या आणि मला म्हणाल्या, “चला मिस्त्री, चौकीवर जायचं म्हणतात.” दीर काही बोलायला गेले, पण बाई तोवर जिना उतरल्या होत्या.

चौकीतला फौजदार आधी ऐकूनच घेईना. आंदोलनवाल्यांनी धमकावलं का, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिला. तेव्हा बाईंनी अंबाड्यातला एक आकडा काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि याची जोडी जळक्या गाडीत शोधा म्हणून सांगितलं. शिपाई जाऊन पाहून आला. वायरी जळून गेल्या होत्या, आकडा मात्र फ्यूजच्या जागी जसाच्या तसा होता. वायरिंग कसं होतं ते मीही सांगितलं. तिघांना सोडलं. एकाच्या तळव्याला फोड आले होते आणि पाठीवर काठीचे वळ. बाईंनी त्याच्यापुढे हात जोडले, तो बिचारा लाजून म्हणाला, “काय ओ आई, असा करतास?”

नातेवाइकांत बाईंचं हसं झालं. आकड्याने मोटार जाळणारी म्हणून लग्नाकार्यात त्यांच्याकडे बोट दाखवायचे. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. साहेबांचं मात्र व्हायचं तेच झालं. व्हिक्टोरिया आणून पाहिली, टॅक्सी आणून पाहिली, दोन्ही वेळा रडून गोंधळ. वरच्या गॅलरीत बसवलं तर भिंतीकडे तोंड फिरवायचे. अंगावरचं मांस उतरत चाललं. मी एकदा भेटायला गेलो तेव्हा म्हटलं, बाई, वाईट वाटत असेल ना? त्या म्हणाल्या, “रोज वाटतं. पण त्या पोरांना आत ठेवून मी ह्यांना समुद्र कुठल्या तोंडाने दाखवला असता?”

साहेब पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्यामागे बाईही फार राहिल्या नाहीत. घर विकलं गेलं, त्या जागी आता कुणाचं तरी ऑफिस आहे. मी मुद्दाम त्या बाजूने जात नाही, गेलं की गलबलून येतं.

कारण मला आठवतं ते असं. साहेब जायच्या आधी दोन-चार महिने, संध्याकाळची वेळ. त्यांच्या घरावरून जात होतो. मोटारीची रिकामी खोली सताड उघडी होती. आत रस्त्याकडे तोंड करून दोन खुर्च्या मांडल्या होत्या, अगदी पुढच्या सीट असायच्या तिथे. डाव्या खुर्चीत साहेब, मांडीवर शाल. उजव्या खुर्चीत बाई, हात मांडीवर. समोरून लोक जात होते, भाजीवाले, शाळेची मुलं, आणि साहेब एकेकाकडे टक लावून पाहत होते. त्यांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ताटली होती आणि तीत अर्धी खाल्लेली पोळी.

मी दारात थबकलो.

बाईंनी मान मागे वळवली. खुर्च्यांच्या मागे भिंतीशी एक बाकडं होतं, तिकडे बोट दाखवून म्हणाल्या, “या ना मिस्त्री. मागे जागा आहे.”

मी मागे जाऊन बसलो.