मीठ घालून गोडं केलेलं पाणी

माझे थोरले दीर बोटीवर इंजिनाच्या खोलीत कामाला होते, आणि शहाणपणाचं गाठोडं घेऊन शिमग्याला पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या गावी उतरत. त्या वर्षी गावाने ठरवत आणलं होतं, की चाकरमानी जमलेत तोवर झऱ्याखालचा कातळ फोडून टाकी करायची. चैत्र लागला की आम्हा बायकांना पाण्यासाठी खाली वहाळात उतरावं लागे आणि भरला हंडा घेऊन ती घसरण चढावी लागे. माझी थोरली जाऊ, म्हणजे या शहाण्यांचीच बायको, तेव्हा पोटुशी होती. तिच्यासाठी तरी टाकी लवकर व्हावी, असा माझा जीव तुटत होता.

पालखी टेकवतात त्या चौथऱ्यावर, सहाणेवर, गाव बसलं असताना दीर उठले. "टाकी कशाला रे फोडताव? बोटीवर आमी समुंदराचं पानी गोडं करून पितो. उद्या सरकार म्हाडच्या खाडीवर कारखाना घालील नि नळानं हितं पानी सोडील."

मागे बायकांत बसून मी ऐकत होते. डोकंच फिरलं माझं. आमच्या डोक्यावर धो धो पडलेला पाऊस सावित्रीतून समुद्राला जाणार, तिथे खारट होणार, मग कोळसा जाळून तो गोडा करून हे महाशय पुन्हा डोंगरावर चढवणार! बोटीला कोळसा होता, चहूकडे गार पाणी होतं आणि पिणारी तोंडं मोजकी. आमच्याकडे विजेचा खांबसुद्धा पोचला नव्हता. पण बोटीवरचा माणूस बोलतोय म्हटल्यावर सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात प्रयोग. समुद्र कुठून आणणार? दिरांनी जावेने आणलेल्या कळशीभर गोड्या पाण्यात मीठ ढवळलं! ते तपेल्यात चुलीवर चढवलं, आत वाटी, वर परात, आणि वाफेचं पाणी व्हावं म्हणून परातीत गार पाणी ओतत बसले. परात तापली की हाक, "आना गो आनखी!" जाऊ वहाळात उतरतेय, चढतेय, आणि दीर ओततायत. उन्हं कलल्यावर वाटीभर पाणी निघालं. सासूबाईंनी चाखलं.

"आळनी हाय रे," त्या म्हणाल्या.

"म्हंजे मीठ गेलं!" दिरांनी मांडीवर थाप मारली. गाव खूश. कातळ तसाच ठेवून सगळे मुंबईला चालते झाले.

वैशाखात जाऊ त्या घसरणीवर हंड्यासकट पडली. पोटातलं मूल गेलं.

बोट बंदराला लागल्यावर दीर आले. जाऊ आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. दीर ओटीवर बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "पानी दे गो कुनीतरी."

धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी थेट बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी रिकामी कळशी त्यांच्या पायाशी आणून आदळली.

"वहाळात हाय," म्हटलं.