काकांच्या डोक्यावरचं पिवळं फूल

लोकरकाकूंचे हात रिकामे दिसले की समजावं, बाई झोपल्यात. एरवी क्रोशाची सुई एकतर बोटांत नाहीतर अंबाड्यात खोचलेली. बाळांच्या टोप्या, मुठीत मावतील एवढे बूट, वेणीला लावायचे गोंडे आणि सगळ्यांत लाडके म्हणजे फूलवाले हेअरबँड. घरात उशी उचलली तर खाली लोकरीचा गुंडा, साखरेचा डबा उघडला तर झाकणाला अर्धवट पाकळी चिकटलेली. काकांना आयुष्यभर बस चालवून जेवढी वळणं लागली नसतील, तेवढी या घरात लोकर चुकवत चालताना लागायची.

काकूंच्या हाताला मात्र एक खोड. डोक्यात राग असला की टाका करकचून पडायचा. मन खुशीत असलं की सैल. काका सकाळी उठून आधी सुईवरचं काम बोटानं चाचपायचे, मग चहा मागायचे.

"आज फारच घट्ट आलंय गं. मी काय केलं?"

"पंखा चालू ठेवून गेलात काल."

"बरं बाई," म्हणत काका स्वतःच आधण ठेवायचे.

तर झालं असं. गल्लीच्या टोकाला पाळणाघर होतं. तिथं काकूंची नात नुकतीच जायला लागली होती. गाल असे की सगळी गल्ली तिला ढब्बूच म्हणायची. काकू तिला आणायला गेल्या आणि दारातच पाळणाघरवाल्या बाईंनी एक टोपली पुढं केली. आत सगळे काकूंनीच केलेले हेअरबँड.

"काकू, रागावू नका. तुमची फुलं गोड आहेत, पण पोरं काढून फेकतात. पुढच्या आठवड्यात सगळ्यांचा फोटो आहे. सगळ्यांना एकसारखे बँड घालायचं मनात होतं, पण राहू दे आता."

मुलांना न्यायला आलेल्या आया बाजूलाच उभ्या होत्या. काकूंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"घालणाऱ्याला घालता येत नसेल तर फुलाचा काय दोष? माझ्या नातीनं आजवर माझी एक टोपी काढलेली नाही! फोटोच्या दिवशी बघाच. हिच्या डोक्यावर फूल टिकलं नाही, तर ही सुई कपाटात ठेवीन. परत हात लावणार नाही."

घरी येऊन ऐटीत सांगितलं, तर काकांनी कपाळावर हात मारला.

"अगं, ती टोपी काढत नाही, कारण तू ती झोपल्यावर घालतेस!"

काकू दचकल्याच. खरं होतं ते. जागं लेकरू माप घेऊ देतं का? काकूंनी आजवर प्रत्येक टोपी, प्रत्येक बँड झोपलेल्या डोक्यावर घालून बघितला, वा वा म्हटलं आणि दिला. जाग्या डोक्याचा विचारच केला नव्हता.

घरी येऊन झोपलेली ढब्बू उठली. काकूंनी तिला बँड घातला. ढब्बूनं तो ओढला आणि सरळ दुधाच्या पातेल्यात.

मग सुरू झाली उस्तवार. घट्ट होत असेल म्हणून उसवून सैल केला, तर तो नाकावर आला. लोकर टोचत असेल म्हणून मऊ सूत आणलं. तोही गेला खिडकीबाहेर. ढब्बू जागी असताना माप मिळेना, म्हणून काकूंनी बाजारात अर्धा तास फळवाल्याचं डोकं पिकवून, झोपेत घेतलेल्या मापाच्या दोरीनं मोजून, नेमकं तेवढंच खरबूज आणलं. त्यावर बँड चढवून त्या अंघोळीला गेल्या. परत येतात तर काय, बँड टेबलावर आणि काका शेवटची फोड चोखतायत.

"अहो! नातीचं डोकं खाल्लंत तुम्ही!"

"गोड होतं," काका म्हणाले, आणि बाकीचा दिवस गच्चीवर काढला.

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली. सुईवरचा टाका तिनंही हळूच चाचपला. दगड. "आई, फोटो काय, बिनफुलाचाही निघेल. तुम्ही नका ना एवढं लावून घेऊ."

"फोटोचं नाही गं," काकू म्हणाल्या. "बोलून बसलेय. आणि सुई ठेवली तर या हातांचं मी करू काय?"

सूनबाई शेजारी टेकली. काकूही सुई बाजूला ठेवून, भिंतीला टेकून नुसत्या बसल्या. समोर ढब्बू. डोक्यावर पिवळ्या फुलाचा बँड. तिनं तो ओढला. काकूंची नजर एरवी जायची बँडकडं, टाका कुठं सुटला ते बघायला. आज ती राहिली पोरीच्या तोंडाकडं. ढब्बूनं बँड लगेच नाही फेकला. आधी फूल फिरवून बघितलं. पाकळी चाटली. आजीला दाखवलं. मग फेकलं.

"अगंबाई! हिला फूल बघायचंय! डोक्यावर असलं तर हिला दिसणार कसं?"

काकूंनी तो चिमुकला बँड उचलून स्वतःच्या अंबाड्यावर अडकवला आणि दुसरा ढब्बूला घातला. ढब्बू आजीच्या डोक्याकडं बघून खुदकन हसली, टाळ्या पिटायला लागली. हात कामाला लागले, स्वतःचं डोकं विसरली.

"पण आई, अनोळखी फोटोवाल्यासमोर ती तुमच्या मांडीशिवाय बसायची नाही." सूनबाई म्हणाली. "मग समोर फूल घालून कोण उभं राहणार?"

दोघींनी एकदमच वळून बघितलं. काका गच्चीवरून नुकतेच खाली आले होते. टक्कल दिव्याखाली चकाकत होतं.

"अजिबात नाही," काका म्हणाले. "अख्खी बस माझ्या एका हॉर्नवर गप्प व्हायची. या मिशांना शोभेल का ते?"

"खरबूज आठवतंय ना?" काकूंनी दोरी काढली आणि टकलाभोवती गुंडाळली. मोठ्या माणसाचं डोकं त्या पहिल्यांदाच मोजत होत्या.

फोटोच्या दिवशी फोटोवाल्याच्या मागं काका ताठ उभे राहिले, दोन्ही हात मागं बांधून, झुपकेदार मिशा आणि टकलावर ताटलीएवढं पिवळं फूल. ढब्बूनं बघितलं आणि खिदळायला लागली. तिचं बघून शेजारचं पोर, मग त्याच्या शेजारचं. ढब्बूचा हात एकदाही डोक्यावरच्या फुलाकडं गेला नाही. फोटोवाल्यानं मागं वळून बघितलं, तर त्याचाच कॅमेरा हलायला लागला.

"काकू, सगळ्यांना करा," पाळणाघरवाल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आणि काकांना दर फोटोला पाठवा."

"मी येणार नाही," काका म्हणाले. पण घरी जाताना बँड काढायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. फळवाल्यानं दुकानातून हात जोडले, तेव्हा कुठं त्यांनी डोकं चाचपलं. बँड घसरून भुवईवर आला होता.

"अगं, हा फारच सैल झालाय की," ते म्हणाले.

"असू दे," काकू म्हणाल्या आणि अंबाड्यातली सुई काढून चालता चालताच लोकरीची नवी साखळी घालायला लागल्या.