गवतात घातलेली शहाळी

आमच्या चोपड्याकडे केळीवाल्याच्या हातात हिरवं फळ पडलं की तो ते पिकायला गवतात घालणारच. त्याला इलाज नाही. माझ्या वडिलांनी, आबांनी, तर उभा जन्म केळी पिकवण्यात घालवला होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आबांना कावीळ होऊन गेली होती आणि मी प्रेमात पडले होते. दीपनगरला मामाकडे शिकायला राहिले होते, तिथे शेजारच्या क्वार्टरमध्ये वीजकेंद्रात नोकरी करणारा एक कोकणातला मुलगा. त्याचं स्थळ मामाने आबांच्या कानावर घातलं होतं, आम्हा दोघांचं गूळपीठ मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. आबा नुसतेच ‘पाहू’ म्हणाले होते.

त्यावर या शहाण्याने काय करावं? मामासोबत सहा शहाळी पाठवली, वर चिठ्ठी. पाणी पोटाला हलकं, अंगातली आग शमते, लघवी साफ होते, गेलेले क्षार भरून निघतात, कोवळी मलई अशक्त माणसाला बरी. शहाळं हिरवंच प्यायचं, एवढं सोडून सगळं लिहिलं होतं. कोकणातल्या माणसाला ते सांगावं लागतं हे सुचणार कसं?

मामा शहाळी टेकवून आल्या पावली परतला. आबांनी एक शहाळं अंगठ्याने दाबून पाहिलं.

“कच्चं शे. बठ्ठं पिकाले टाका.”

झालं! केळीच्या खोलीत गवत, गवतात सहाच्या सहा शहाळी, वर गोणपाट, कोपऱ्यात धुमसती गोवरी. मायला देवळातला नारळ तेवढा माहीत, तिने मुकाट्याने गोवरी पेटवली. आबांच्या आजारपणामुळे मी घरी आले होते. मला सगळं ठाऊक होतं, पण बोलू कशी? ‘तुला काय माहीत?’ असा प्रश्न आला असता, आणि भुसावळ स्टेशनाबाहेर त्याच्यासोबत शहाळं प्यायल्याचं बिंग फुटलं असतं. मी तोंडात पदर कोंबून हसायची, आणि लग्न मोडेल या भीतीने परत रडवेली व्हायची.

पंधरा दिवसांनी तो मामासोबत रीतसर भेटायला आला. आबा त्याला थेट खोलीत घेऊन गेले.

“अजून रंग धरत नही,” गोणपाट उचलत ते काळजीने म्हणाले.

त्याचे ओठ थरथरले. हसलास तर मेलास, मी मनात ओरडले. तो हसला नाही. आबांनी कोयत्याने एक शहाळं फोडलं, पेला भरून त्याला दिला. आंबूस वास माझ्यापर्यंत आला. तो घटाघटा प्यायला.

“गोड शे?”

“गोड आहे, आबा.”

आबा खूश! त्यांनी दुसरा पेला भरला. मग मात्र मला राहवेना.

“आबा, नका देऊ! ती हिरवीच प्यायची असतात!”

“तुले काय माहीत?”

“भुसावळला प्यायले होते. यांच्यासोबत.”

मायने कपाळावर हात मारला. आबांनी त्याच्या हातातला पेला घेतला, एक घोट प्यायले आणि दारात जाऊन थुंकले.  

मग ते मामाकडे वळले.

“इतलं आंबट पानी गोड सांगीसन पिना हाऊ. मनी अंडेर, मनी पोर, यानाच घरमा जाई.”

आणि मला म्हणाले, “बाकीनी पाच फेकी दे.”

मी नाचतच गेले.