मिलकाच्या घरचा चहा

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. पेणजवळच्या आमच्या जोहे गावात बायका कुणाला बांधावर काय दिसलं, कुणाला कुठून हाक आली ते सांगायला लागल्या, की मी काहीतरी काम काढून उठायची. माझी शाळा चौथीपर्यंतच. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण मुलगी जे मासिक आणते त्यात लोकांचे असे अनुभव येतात, ते मी दुपारी वाचते. वाटलं, आपलाही एक लिहून काढावा... पाठवायचा की नाही, ते अजून ठरलं नाही.

आमचा गणपतीचा कारखाना आहे. मे महिन्यात मातीच्या मूर्ती सुकत ठेवलेल्या असतात. त्या सुकेपर्यंत रंगाला हात लावता येत नाही. अशाच एका शनिवारी हे सकाळी उठून म्हणाले, "चला, टेम्पो काढतो. जाऊ कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे?"

"रोह्याच्या बाजूला. पुढचं पुढं बघू."

मूर्तींना धक्का लागू नये म्हणून टेम्पोत पेंढा असतोच. त्यावर गोधडी टाकून मी, सासूबाई आणि मुलगी मनाली मागे बसलो. सासूबाईंना आम्ही सगळेच आई म्हणतो. त्यांना दमा होता. ह्यांनी पुढे बसायला सांगितलं तर म्हणाल्या, "नको, मागं वारा लागतो."

पेणला बर्फाचा गोळा खाल्ला. वडखळच्या पुढे ऊन असं पांढरं झालं की शेतं, खाडी, सगळं हलत असल्यासारखं दिसायला लागलं. मनाली झोपली. आणि आई, जास्त न बोलणाऱ्या, आपणहून बोलायला लागल्या.

त्यांचं माहेर रोह्याच्या अलीकडे, खिंड उतरल्यावर. माहेरची माणसं कंपनीत नोकऱ्या लागल्या तशी पांगली. आईही कित्येक वर्षं तिकडे गेल्या नव्हत्या. तिथे शेजारी मिलका राहायची. शनवार तेल्यांची मुलगी. ते लोक ज्यू, पण बोलणं, लुगडं, सगळं आपल्यासारखं. फक्त शनिवारी ते विस्तवाला हात लावत नसत. म्हणून दर शनिवारी आई जाऊन त्यांची चूल पेटवून द्यायच्या.

"माझं लगीन झालं आन् त्याच उन्हाळ्यात ती लोकं बोटीनं तिकडं इस्रायलला गेली," आई म्हणाल्या. "मला कुणी कळवलं पण नाय. एवढी एकच भेट राहिली गो माझी. आता काय... हा दमा काय भेटू देतो?"

मी त्यांचा हात हातात घेतला.

खिंड चढून उतरलो आणि टेम्पो तापला. ह्यांनी तो आंब्याच्या सावलीत लावला. आई खाली उतरल्या, पदर सारखा केला आणि पायवाटेने चालू लागल्या. तेच त्यांचं गाव होतं. मी मनालीला ह्यांच्यापाशी ठेवून मागोमाग गेले. नवल म्हणजे त्यांना दम लागत नव्हता.

पायवाटेच्या टोकाला कौलारू घर होतं. दार उघडं. आत एक म्हातारी बाई पाटावर बसलेली, अंगात फुलाफुलांचा गाऊन आणि पायात पांढरे मोजे. एवढ्या उकाड्यात मोजे कशाला, असं मनात आलं. शेणाची जमीन, पण मोजे अगदी स्वच्छ होते.

"यमे," ती म्हणाली. "किती वाट बघायची गो?"

आईंचं माहेरचं नाव यमुना. त्यांना यमे म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"आलीस व्हय परत?" आईंनी विचारलं, जसं काही बाजारातून आलीस का विचारावं.

"आले. बस. ही सून काय? बारीक हाय."

"खाते कुठं! कारखान्यात मरमर करते."

मला वाटलं, ह्याच मिलकाबाई, इस्रायलहून आल्या असतील माहेरचं घर बघायला. तिकडची माणसं येतात अधूनमधून. मी आपली चुलीपाशी गेले आणि काडेपेटी त्यांच्यापुढे धरली. बाईंनी हात मागे घेतला.

"शनवार हाय ना बाय."

आई हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. "दे इकडं. तिचं काम मीच करायची."

आईंनी चूल पेटवली. गवती चहा टाकला. आम्ही तिघी बसून तो प्यायलो. त्या दोघी काय काय बोलत होत्या... कुणाच्या कैऱ्या पाडल्या, कोणता मास्तर तिरळा होता. मला पेंग येत होती, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखे लागत होते. मिलकाबाई सांगत होत्या, "निघायच्या दिवशी मी तुझ्यासाठी—" तेवढ्यात टेम्पोचा हॉर्न वाजला. मग पुन्हा, पुन्हा.

"जा गो," त्या म्हणाल्या. "पोरगा ओरडतोय."

आम्ही बाहेर आलो. हे वैतागलेले. "कुठं होता तुम्ही? मी पाण्यासाठी त्या घरापर्यंत जाऊन आलो. तिथं तर कुलूप!"

"आम्ही तिथंच होतो," मी म्हटलं.

त्यांनी त्या घराकडे बोट दाखवलं. मी परत गेले. दाराला गंजलेलं कुलूप होतं आणि ओट्यावर वाळका पाचोळा. पलीकडच्या अंगणात एक म्हातारबाबा कोकमं वाळत घालत होते. मी लाजत लाजत विचारलं, तर म्हणाले, "मिलका? ती इस्रायलला हाय. बरी हाय की! घराची किल्ली माझ्याकडं. तिचा पुतण्या येतो कौलं बघायला, त्यानं तिचा नंबर दिलाय. पण आज लावू नका, शनवारचा ती फोन उचलत नाय."

आई पेंढ्यावर शांत बसल्या होत्या. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या लावू मग."

रोह्याला गेलो, नदीकाठी भाकऱ्या खाल्ल्या, घरी आलो. 

रविवारी ह्यांनीच फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. तोच.

"कोन, यमे? अगो, तुझ्या पोराला सांग, किती तो हॉर्न वाजवायचा! काल दुपारी जरा डोळा लागला होता माझा, तर बोलू दिलं नाय मेल्यानं."

ह्यांच्या हातातला फोन खाली आला. आईंनी तो घेतला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्याचं. निघायच्या दिवशी काय ते सांग."

दोघी खूप वेळ बोलल्या. किती वर्षांनी आवाज ऐकला, असं दोघींपैकी एकीनेही म्हटलं नाही.

ह्यांना विचारलं तर आजही म्हणतात, "मी कुलूप बघितलं." आणि मी त्या घरात बसून चहा प्यायले. दोन्ही खोटं नाही. कसं, ते मला सांगता येत नाही, आणि सांगू शकेल असं कुणी मला भेटलेलंही नाही.

आई त्याच वर्षी दिवाळीत गेल्या. पण त्या शनिवारनंतर, भेट राहिली असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.